सरकारी लॅपटॉपवर लिनक्स: कुठे टिकतो, कुठे दुकानदार पुसून टाकतो

लॅपटॉपचे बटण दाबल्यावर काळ्या पडद्यावर दोन नावे येतात. बाण खाली-वर करून एक निवडायचे, नाहीतर दहा सेकंदांनी लॅपटॉप स्वतःच एक निवडून पुढे जातो. सरकारकडून लॅपटॉप मिळालेल्या लाखो मुलांनी हा पडदा पाहिलेला आहे. एका ओळीत विंडोज, दुसऱ्या ओळीत लिनक्सचा, म्हणजे विंडोजसारखेच संगणक चालवणाऱ्या पण सर्वांसाठी खुल्या असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, एखादा अवतार. दुसरी ओळ तिथे का आहे हे फारच थोड्यांना कोणी सांगितले. काही महिन्यांनी लॅपटॉप 'स्लो' झाला की कोपऱ्यावरचा दुकानदार फॉरमॅट मारून देतो आणि दुसरी ओळ जाते ती कायमची.

पण ती ओळ काही ठिकाणी वर्षानुवर्षे टिकली. त्यामागे सॉफ्टवेअरच्या दर्जापेक्षा इतर गोष्टींचा हात जास्त होता.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे

ओपन सोर्स म्हणजे मूळ मजकूर, म्हणजेच सोर्स कोड, सर्वांसाठी खुला असलेले सॉफ्टवेअर. त्याच्या परवान्यात चार मुभा असतात: कशासाठीही वापरा, आत काय चालले आहे ते पाहा, हवे ते बदला, मूळ किंवा बदललेली प्रत दुसऱ्याला द्या. विंडोजसारखे सॉफ्टवेअर आपण विकत घेतो म्हणतो खरे, पण व्यवहार भाड्याच्या घरासारखा असतो. राहायचे आपण, पण भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा, आणि पोटभाडेकरू ठेवायचा तर विसराच. मुक्त सॉफ्टवेअर हे स्वतःचे घर. गळती झाली तर कौले आपणच फिरवायची, हेही त्यात आले.

मल्याळममध्ये याला 'स्वतंत्र' सॉफ्टवेअर म्हणतात. आपण 'मुक्त' म्हणतो, पण बोलताना 'फ्री'वर येतो आणि 'फ्री'चा अर्थ फुकट असा होऊन बसतो. सरकारी योजनेत तर लॅपटॉपच फुकट, मग त्यावरचे सॉफ्टवेअर फुकट असण्याचे मुलाला काय कौतुक? त्याच्या उपयोगाच्या मुभा दोन: प्रत वाटण्याची आणि बदल करण्याची. शाळेत शिकवलेले सगळे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन घरच्या, मामाच्या, शेजारच्या संगणकावर टाकले तरी तो गुन्हा होत नाही.

बदलाची मुभा सगळे जण स्वतः वापरणार नाहीत, पण कोणीतरी वापरते. केरळमध्ये २००२ पासून काम करणाऱ्या 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग' या गटाच्या स्वयंसेवकांनी लिनक्सवर मल्याळमची जोडाक्षरे नीट दिसावीत म्हणून काम केले, 'मीरा'सारखे फॉण्ट सांभाळले. कंपनीला तक्रार पाठवून वाट पाहत बसण्याची गरज पडली नाही, कारण कोड समोर होता.

तमिळनाडू: दोन्ही दिले

तमिळनाडूने १५ सप्टेंबर २०११ रोजी, अण्णादुराईंच्या जयंतीला, मोफत लॅपटॉप योजना सुरू केली. सरकारी आणि अनुदानित शाळा-महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांसाठीची ही योजना. खरेदी 'एल्कॉट' या राज्याच्या कंपनीमार्फत झाली. लॅपटॉपवर विंडोजबरोबर 'बॉस' लिनक्सही होते. बॉस म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स. ती सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेने डेबियन या जुन्या व भरवशाच्या लिनक्सवर बांधली असून तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे.

कागदावर हा उत्तम तोडगा वाटतो: दोन्ही द्या, मूल निवडेल. पण निवड मोकळ्या हवेत होत नाही. घरात, दुकानात, सायबर कॅफेत, संगणक क्लासमध्ये सगळीकडे विंडोज असेल आणि परीक्षेत लिनक्सवाचून काहीच अडत नसेल, तर बॉसचा भाग हार्ड डिस्कवरची जागा अडवणारा पाहुणा ठरतो. उत्तर प्रदेशात २०१३ पासून वाटलेल्या एचपीच्या लॅपटॉपवरही विंडोज ७ आणि उबुंटू (लिनक्सचाच एक लोकप्रिय अवतार) अशी जोडी होती. मात्र तिथे सर्वांत जास्त चर्चा झाली ती पडद्यावर दिसणाऱ्या मुलायमसिंह आणि अखिलेश यादव यांच्या छबीची!

केरळ: परीक्षाच लिनक्सवर

केरळमध्ये २००१ साली 'आयटी@स्कूल' प्रकल्प सुरू झाला. २०१७ मध्ये त्याची 'काइट' ही सरकारी कंपनी झाली. २०१८ पासून आठवी ते बारावीच्या ४५,००० वर्गखोल्यांत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर बसवण्याचे काम याच यंत्रणेने केले. करोनाकाळानंतर गरजू मुलांना दिलेल्या लॅपटॉपवरही काइटनेच सॉफ्टवेअर घातले. या यंत्रांवर उबुंटूवर बेतलेली काइटची स्वतःची आवृत्ती असते. लिब्रेऑफिस, जिंप, इंकस्केप, पायथन, स्क्रॅच, जिओजेब्रा, भूगोलासाठी नकाशांची साधने, ॲनिमेशनची साधने, सगळे आधीच बसवलेले.

फरक पडला तो तीन ठिकाणी. पाठ्यपुस्तक याच सॉफ्टवेअरवर लिहिले गेले: पुस्तकात ज्या बटणाचे चित्र, तेच बटण पडद्यावर. दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षा लिनक्सवर होते, त्यामुळे पालक तो पुसू देत नाहीत. आणि प्रत्येक शाळेत एका शिक्षकावर आयटी समन्वयाची जबाबदारी, त्याच्या पाठीशी जिल्ह्यात मास्टर ट्रेनर. म्हणजे 'सर, वायफाय दिसत नाही' हे सांगायला माणूस आहे. अभ्यासक्रम, परीक्षा आणि तक्रार ऐकणारा माणूस, यांतले एक जरी काढले तरी केरळचे तमिळनाडू व्हायला वेळ लागणार नाही, असे आमचे मत.

पैशाच्या बचतीचे आकडे मात्र चिमूटभर मीठ लावून वाचावेत. २०१९ मध्ये काइटने ३,००० कोटी रुपये वाचतील असे म्हटले होते. हिशोब असा: दोन लाख संगणक, प्रत्येकी दीड लाख रुपयांचे सॉफ्टवेअर. कोणते राज्य शाळेच्या एका संगणकावर दीड लाखाचे सॉफ्टवेअर घालते? शाळांना कंपन्या मोठी सवलत देतात, प्रसंगी फुकटही देतात. खरी बचत दिसते ती पाच-सात वर्षांनी, सवलतीची मुदत संपते आणि नवी विंडोज जुन्या यंत्रावर चालत नाही तेव्हा.

आपल्याकडेही या गोष्टीचा एक जुना धागा आहे. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड', म्हणजे दर मुलामागे एक स्वस्त लॅपटॉप देण्याच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेचा भारतातला सुरुवातीचा प्रयोग २००७ साली रायगडमधल्या कर्जत तालुक्यातल्या खैराट या वाडीच्या शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्ये २५६ एमबी रॅम, हार्ड डिस्कऐवजी १ जीबी फ्लॅश आणि मुलांसाठीच बनवलेला 'शुगर' हा पडदा होता. त्याच्या कीबोर्डवर एक कळ खास चालू प्रोग्रॅमचा कोड दाखवण्यासाठी होती. दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेने हेच यंत्र २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हाती दिले.

कपाटातला जुना लॅपटॉप

विंडोज ७ चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या, १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, जो बहुतेक जुन्या सरकारी लॅपटॉपमध्ये नाही. म्हणून पुसून टाकलेली ती दुसरी ओळ आता कामाची आहे.

आधी यंत्र ओळखा. जुन्या लॅपटॉपवर विंडोज ७ स्टार्टर असेल, तर सिस्टिमच्या माहितीत '३२ बिट' (६४ बिटच्या आधीची जुनी रचना) दिसेल. घाबरू नका; स्टार्टर आवृत्ती ३२ बिटमध्येच मिळायची, त्यावरून प्रोसेसर ३२ बिटचा ठरत नाही. प्रोसेसरचे नाव पाहून खात्री करा. खरोखर ३२ बिटचा निघाला तर डेबियन १२ घ्या, कारण २०२५ च्या डेबियन १३ पासून ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद झाला.

रॅम २ जीबी असेल तर हलका डेस्कटॉप (पडद्यावरची खिडक्या-मेनूंची मांडणी) निवडा: एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई. लुबुंटू किंवा डेबियनवर ते मिळतात. नेहमीचा उबुंटू २ जीबीवर सुरू होईल, पण ब्राउझरमध्ये तिसरा टॅब उघडला की हार्ड डिस्क करकरायला लागेल. झेडरॅम नावाची सोय चालू करा. रॅममधला न लागणारा भाग दाबून छोटा करून रॅममध्येच ठेवला जातो, त्यामुळे डिस्कवर ढकलाढकली कमी होते. खर्च करायचा असेल तर तो एकाच गोष्टीवर करा: फिरती हार्ड डिस्क काढून अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवर चालणारी डिस्क. दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रात याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्सची प्रतिमा, म्हणजे सगळी सिस्टिम एकत्र बांधलेली फाइल, चढवा. साधी फाइल कॉपी करून चालत नाही. त्यासाठी रूफस किंवा व्हेंटॉय हे प्रोग्रॅम वापरा. लॅपटॉप सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी एका कळीने पेनड्राइव्ह निवडायचा पडदा येतो, कंपनीप्रमाणे कळ बदलते. काहीही न पुसता 'ट्राय' या पर्यायाने आत जा आणि निदान अर्धा तास वापरून पाहा. वायफाय, आवाज, टचपॅड, कॅमेरा, पडद्याचा उजेड कमी-जास्त होणे आणि झाकण बंद करून उघडल्यावर जागे होणे. शेवटची चाचणी बहुतेक लोक विसरतात आणि नंतर तीच डोकेदुखी होते.

वायफाय दिसत नसेल तर कारण बहुधा फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये घालायची छोटी फाइल. ब्रॉडकॉम आणि काही रिअलटेक चिपांचे हे नेहमीचेच. गंमत अशी की ती फाइल उतरवायला इंटरनेट लागते. अशा वेळी फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (फोनचे इंटरनेट लॅपटॉपला देण्याची सोय) चालू करा. लिनक्स ते लगेच ओळखतो. डेबियन १२ पासून ही फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येते, म्हणून जुनी प्रतिमा कोणी दिली तर ती नाकारा.

दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम ठेवायच्या असतील तर तीन खड्डे आहेत. पहिला, विंडोजमधले 'फास्ट स्टार्टअप'. ते चालू असताना विंडोज खऱ्या अर्थाने बंद होतच नाही, अर्धवट झोपते. मग लिनक्समधून ती डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. मूल म्हणते, 'फाइल सेव्हच होत नाही.' ते बंद करा. दुसरा, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कला लागणारे कुलूप. डिस्क कुलूपबंद असेल तर विभागणी बदलण्याआधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. तिसरा निरुपद्रवी पण गोंधळात टाकणारा: घड्याळ बरोबर साडेपाच तास चुकते. विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक वेळ ठेवतो. भारतात दोघांत साडेपाच तासांचे अंतर. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत शिकवली की प्रश्न सुटतो. तारीखच थेट काही वर्षे मागे जात असेल तर दोष सॉफ्टवेअरचा नाही. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. तो न बदलल्यास ब्राउझर जवळजवळ प्रत्येक साइट 'सुरक्षित नाही' म्हणून अडवेल.

मराठी टंकलेखन आणि प्रिंटवाला

लिनक्सवर मराठी लिहायला काही विकत घ्यावे लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळ-मांडणी) जोडा. ज्यांना रोमनमधून उच्चाराप्रमाणे लिहायचे त्यांनी आयबस आणि एम१७एन ही पॅकेजे बसवावीत. मुलांना इनस्क्रिप्टच शिकवा असे आम्ही म्हणू. पंधरा दिवस त्रास होतो, मग हात बसतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. 'र' जिथे आहे तिथेच शिफ्ट दाबून 'ऱ', 'ल'वर शिफ्ट दाबून 'ळ'. 'दऱ्या' किंवा 'वाऱ्यावर' लिहिताना 'र' नव्हे तर हा 'ऱ' घ्या, मग पाय मोडा, मग 'य'. साध्या 'र'ने 'दर्या' होतो आणि बाईंचा लाल पेन चालतो.

श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉण्टांत केलेल्या फाइली लिनक्सवर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतात. तो दोष लिनक्सचा नाही: त्या फाइलींत मराठी नव्हतेच, मराठीसारखी दिसणारी इंग्रजी अक्षरे होती. त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्याच लागतात. विंडोजचा मंगल फॉण्ट लिनक्ससोबत वाटता येत नाही, त्यामुळे त्याच्या जागी लोहित, नोटो किंवा मुक्ता येतो. अक्षरांची रुंदी वेगळी, ओळी सरकतात आणि घरी चार पानांचा असलेला प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात पाच पानांचा होतो. उपाय एकच: दुकानात नेताना पीडीएफ करून न्या.

शाळेच्या प्रिंटरचे आधी तपासा. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर सरळ चालतात. आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर घाम काढतो, कारण पान तयार करण्याचे काम तो संगणकावर ढकलतो आणि त्यासाठी खास ड्रायव्हर लागतो. नवीन घेणार असाल तर पोस्टस्क्रिप्ट किंवा एअरप्रिंट चालतो का, एवढे विचारा.

काय चालणार नाही हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. टॅली, फोटोशॉप, ऑटोकॅड लिनक्सवर सरळ चालत नाहीत. ज्या मुलाला कॉमर्सनंतर टॅलीचा कोर्स करायचा आहे त्याला 'लिनक्सच चांगला' असे ऐकवणे हा हट्ट झाला. परीक्षेत संगणकाला कुलूप लावणारी काही सॉफ्टवेअरही फक्त विंडोजसाठी असतात. उलट गणित, विज्ञान, प्रोग्रॅमिंग, चित्र, आवाज यांसाठी जवळपास काहीच अडत नाही. जिओजेब्रा हे मुक्त सॉफ्टवेअरच्या यादीत हमखास असते, पण त्याच्या परवान्यात व्यावसायिक वापरावर अटी आहेत. शाळेला फरक पडत नाही, काटेकोर लोकांनी वाचून घ्यावे. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे मराठी धडे डाउनलोड करता येतात. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर स्वतःचे काम, अशी त्यांची रचना. इंटरनेट नसलेल्या घरात हे फार सोयीचे.

शाळेत एकदम चाळीस असतील तर

एकेक यंत्र हाताने बसवू नका. एक नीट तयार करा, मराठी कीबोर्ड व फॉण्टसकट, आणि क्लोनझिलाने त्याची प्रतिमा बाकीच्यांवर उतरवा. प्रतिमा घेण्याआधी त्या यंत्राचे नाव आणि यंत्र-ओळख (machine-id) ही फाइल रिकामी करायला विसरू नका. नाहीतर चाळीसही लॅपटॉप स्वतःला एकच समजतात, आणि कधी दोघांना एकच आयपी पत्ता मिळून दोघांचेही इंटरनेट जाते.

अपडेटचा हिशोब करा. एका लॅपटॉपला ३०० एमबी धरले तर चाळीस जणांना १२ जीबी. शाळेच्या एका जुन्या संगणकावर ॲप्ट-कॅशर बसवला की तेच पॅकेज एकदाच उतरते आणि बाकीचे ते तिथूनच घेतात. आपोआप अपडेटची वेळ तासिकेत येणार नाही एवढे पाहा.

चोरीविरोधी कुलुपाबद्दल सावध राहा. अर्जेंटिनाने २०१० पासून 'कोनेक्तार इगुआल्दाद' योजनेत लाखो नेटबुक दिली आणि पुढे त्यांवर डेबियनवर बेतलेले 'वायरा' हे स्वतःचे लिनक्सही आणले. पण नेटबुकला ठरावीक काळाने शाळेच्या सर्व्हरशी बोलावे लागे. सुट्टी लांबली, सर्व्हर बंद पडला, मूल शाळा सोडून गेले, की नेटबुक कुलूपबंद. आतले सॉफ्टवेअर पूर्ण मुक्त असून उपयोग काय, पेटीला किल्ली दुसऱ्याकडे असेल तर? आपल्याकडे निविदा काढताना बायोसचा (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगचा) पासवर्ड आणि सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सिस्टिमच सुरू होऊ देणारे कुलूप) बंद करण्याचा अधिकार शेवटी कोणाकडे राहणार, ते लेखी असावे.

वाटप करताना प्रत्येक लॅपटॉपच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटवा: आवृत्तीचे नाव आणि तिचा आधार संपण्याचा महिना. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे मिळतात, लुबुंटूसारख्या भावंडांना तीनच. काइटची सध्याची यंत्रे ज्या २२.०४ आवृत्तीवर बेतलेली आहेत तिची पाच वर्षे एप्रिल २०२७ मध्ये भरतात. आठवीत लॅपटॉप मिळालेले मूल बारावीला जाईपर्यंत निदान एकदा आवृत्ती बदलावी लागणार, हे धरून चाला आणि ते काम कोण करणार त्याचे नावही त्याच चिठ्ठीवर लिहा.